शरीर वजनगटासाठी की वजनगट शरीरासाठी?

सप्टेंबर २०१७ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक ज्युदो स्पर्धेत सर्बियाच्या नेमान्या मायदोवने ९० किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा त्याला २१ वर्षे पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. ज्युदोत ज्या वर्षी खेळाडू विशीत पोहोचतो, ते त्याचे ज्युनिअर गटातले शेवटचे वर्ष. म्हणजे त्या वयोगटातून बाहेर पडल्यावर पहिल्याच वर्षी तो जगज्जेता झाला. अशा यशाचे कौतुक होताना डावपेच, प्रशिक्षक, जिद्द यांची चर्चा होते. मात्र ज्या वयात ही कारकीर्द घडते, त्या वयातल्या शरीराचे काय होते, हे क्वचितच विचारले जाते.

कॅडेट गट पंधराव्या वर्षी सुरू होतो. तेव्हा मुलांची उंची वाढत असते, स्नायू भरत असतात, हाडे घट्ट होत असतात. वजन वाढणे हे या वयाचे कामच आहे. नेमके याच वयात ‘अजून एक वर्ष याच गटात काढ’ असा सल्ला मिळतो. मग स्पर्धेआधी जेवण तोडणे, पाणी बंद करणे, जाड कपडे घालून धावणे, सॉनात बसणे असे उपाय सुरू होतात.

काही दिवसांत घटलेल्या या वजनात चरबी थोडी असते. जाते ते मुख्यतः पाणी आणि स्नायूंतला ग्लायकोजेन हा इंधनसाठा. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते, म्हणून काटा भराभर खाली येतो. पाणी घटल्याने रक्तातील द्रव कमी होतो, हृदयाचे ठोके वाढतात, शरीराला उष्णता बाहेर टाकणे अवघड जाते. महिनोन् महिने अपुरे खाल्ले तर मुलींची पाळी अनियमित होते, हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंमधील या ऊर्जा-तुटीबद्दल २०१४ मध्येच स्पष्ट इशारा दिला आहे.

ज्युदोत अधिकृत वजन आदल्या संध्याकाळी होते. स्पर्धेच्या सकाळी काही खेळाडूंना चिठ्ठ्या टाकून पुन्हा काट्यावर उभे करतात. तेव्हा गटमर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक वजन चालत नाही. ९० किलोच्या गटात ही सूट साडेचार किलोंची. नियमाने अतिरेकाला लगाम घातला हे खरे, पण रातोरात इतके वजन परत चढवणे त्याने मान्यही केले. सगळेच घटवतात, त्यामुळे कोणाचाच फायदा होत नाही. तरीही एकट्याने थांबण्याची हिंमत होत नाही.

वजन सामन्याच्या दिवशीच घेतले की प्रश्न सुटेल, असे म्हटले जाते. कुस्तीत तसेच होते, तरीही २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोच्या मर्यादेपेक्षा १०० ग्रॅमने जास्त भरली आणि अपात्र ठरली. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महाविद्यालयीन कुस्तीतील तीन तरुण वजन घटवताना दगावले, तेव्हा नियम मुळापासून बदलले गेले. हंगामाच्या सुरुवातीलाच शरीरातील पाणी आणि चरबी तपासून प्रत्येकाचे किमान वजन ठरू लागले, सॉना व रबरी सूटवर बंदी आली. जपानमध्ये ज्युदो महासंघाने २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी लहान मुलांचेही वजन घटवले जात होते, हे त्यामागचे एक कारण होते.

आंतरराष्ट्रीय ज्युदोनेही कॅडेट आणि ज्युनिअर खेळाडूंसाठी असे किमान वजन ठरवावे. त्याखालच्या गटात उतरण्यास मनाई हवी आणि मूल वाढले की ते वरच्या गटात गेलेच पाहिजे. त्या गटात सुरुवातीला काही सामने हरावे लागतील, दोन-चार पदके हुकतील. ती पुढे मिळवता येतात. वाढीचे वय मात्र एकदाच येते.