खेळात घ्यायचं कुणाला?

दिवाळीत माझी भाची टोरांटोहून आली होती. रात्री सगळे झोपले की ही लॅपटॉप उघडून बसायची. ‘अगं, डोळे जातील’ म्हणून ओरडायला गेले आणि तासभर तिच्याशेजारीच बसून राहिले.

खेळाचं नाव ‘फायनल फँटसी फोर्टीन’. चौघांनी मिळून भुयारात शिरायचं. एकाने राक्षसाचा मार अंगावर घ्यायचा, एकाने सगळ्यांच्या जखमा बऱ्या करायच्या, उरलेल्या दोघांनी हाणामारी करायची. आमची भाची जखमा बऱ्या करणारी. ‘म्हणजे शुश्रूषा इथेही बाईच्याच वाट्याला!’ असं मी म्हटलं, तर म्हणते, ‘मावशी, मी स्वतः निवडलंय ते. हे काम करणारे कमी असतात, म्हणून मला फार थांबावं लागत नाही.’

मला प्रश्न पडला तो वेगळाच. हे बाकीचे तिघे कोण? ती म्हणाली, ‘माहीत नाही. यंत्राने जुळवलेत.’

तिथे गट जुळवायच्या दोन सोयी आहेत. एकीत आपण फक्त नाव नोंदवायचं, माणसं यंत्र आणून देतं. दुसरीत आपणच पाटी लावायची, ‘असे असे खेळाडू हवेत’, आणि आलेल्यांतून गट करायचा. पाटीवर अटी घालता येतात. ‘हे भुयार आधी पार केलेलेच या’ अशीही अट असते. मग नवख्याने जायचं कुठे? अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही. आपल्या शिकलेल्या मुलींना हे नवीन नाही.

यंत्राच्या सोयीत मात्र मला एक गंमत फार आवडली. गटातला एखादा त्या भुयारात पहिल्यांदाच आलेला असेल, तर भुयार पार झाल्यावर इतरांना जास्तीचं बक्षीस मिळतं. म्हणजे नवखा आला की कपाळाला आठ्या घालायचं कारणच उरत नाही.

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या दुसऱ्या खेळाची कथा उलटी. तिथे पूर्वी खेळाडू हाका मारून माणसं गोळा करायचे. वेळ जायचा, पण सगळे एकाच वस्तीतले. कुणी अर्ध्यात पळून गेला, तर उद्या त्याला कोण विचारणार? डिसेंबर 2009 मध्ये आपोआप गट जुळवणारी सोय आली आणि वेगवेगळ्या वस्त्यांतली माणसं एकत्र येऊ लागली. काम झटपट होऊ लागलं, ओळख मात्र उरली नाही. जुन्या खेळाडूंना ही चुटपुट इतकी लागली, की 2019 मध्ये खेळाचं जुनं रूप पुन्हा आणलं तेव्हा ती सोय त्यात ठेवलीच नाही. गंमत म्हणजे, त्याच जुन्या खेळाच्या पुढच्या भागात 2023 मध्ये ती परत घ्यावी लागली. माणसांना ओळखही हवी आणि थांबायलाही नको! आपण तरी काय वेगळ्या आहोत?

आपल्याकडची पोरं मोबाइलवर बीजीएमआय खेळतात. तिथेही जोडीदार नसले तर यंत्र अनोळखी माणसं देतं, पण तिथे एकमेकांचा आवाज ऐकू येतो. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला मी विचारलं, तर म्हणाली, ‘काकू, मी माइक बंदच ठेवते. मुलीचा आवाज आला की खेळ राहतो बाजूला आणि नको ते प्रश्न सुरू होतात.’ चांगली खेळते, पण मुकाट्याने. भाचीच्या खेळात बोलायची सोयच नाही, लिहायचं तेवढं. तिथे ती फक्त खेळाडू असते. मला विचाराल तर आपल्या मुलींना अशी सोय बरी. चांगली गट्टी जमायला वेळ लागेल, लागू दे.

हे सगळं ऐकताना मला आमचा बचत गट आठवत होता. मागच्या महिन्यात दोन बायका नाव द्यायला आल्या होत्या. एक नवऱ्याने टाकलेली, दुसरी भाड्याने नवीनच राहायला आलेली. ‘हप्ता भरतील कशावरून?’ म्हणून आम्ही परत पाठवलं. ‘आम्ही’ म्हणजे मीही त्यात होते. मंगळवारी बैठक आहे. ती दोन नावं मी पुन्हा मांडणार आहे, आणि नव्या बाईला वर्षभर हिशेब शिकवून सांभाळून घेईल तिला पहिल्या कर्जाचा मान द्यावा, असंही सुचवणार आहे. अध्यक्षीणबाई काय म्हणतात बघू.