मूळ पान उघडून

बेंगळुरूच्या बनशंकरीच्या देवळात राहुकाळी लिंबाच्या सालीत दिवे लावायला आपल्या मराठी बायकाही जातात. ही देवी म्हणजेच शाकंभरी. शंभर वर्षांच्या अवर्षणात स्वतःच्या देहातून उगवलेल्या भाज्यांवर मी जग पोसेन, असे ती सप्तशतीच्या अकराव्या अध्यायात सांगते. हा अध्याय अर्थासह किती जणांनी वाचला आहे? श्रद्धेवर शंका घ्यावी म्हणून आम्ही हे विचारत नाही. डार्विनची बाजू घेऊन भांडणाऱ्यांनाही आमचा हाच प्रश्न आहे: त्याचा मूळ ग्रंथ किती जणांनी वाचला आहे?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, की डार्विन चुकला; माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे पूर्वजांनी कुठेच लिहिलेले नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी संयुक्त निवेदन काढून हे खोडले. त्यांतली एक आपल्या बेंगळुरूची. त्यांनी योग्यच केले. पण घराघरांत जो वाद रंगला, तो दोन्ही बाजूंनी माकडाभोवतीच फिरत राहिला. डार्विनच्या १८५९ च्या ज्या ग्रंथावरून हे सगळे चालले होते, त्यात माणसाच्या उगमाविषयी जेमतेम एक वाक्य आहे. तो विषय डार्विनने १८७१ मध्ये वेगळ्या ग्रंथात घेतला. पहिल्या ग्रंथाचा सहावा अध्याय तर त्याने आपल्याच सिद्धान्ताच्या अडचणींना दिला आहे. डोळ्यासारखे इंद्रिय नैसर्गिक निवडीतून घडले, हे पटणे किती अवघड आहे, हे तो तिथे आधी कबूल करतो आणि मग उत्तर शोधू लागतो.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १२९वे, म्हणजे नासदीय, सूक्त आपल्याला ‘भारत एक खोज’च्या चालीवर आठवते. ऋचा सात. देवसुद्धा सृष्टीनंतरचे, मग ती कुठून आली हे कोण सांगणार, असे ऋषी विचारतो. वरून पाहणाऱ्यालाही ते कदाचित ठाऊक नसेल, इथवर जातो. या सूक्ताच्या नावाने कुणी ठाम उत्तरे देऊ लागला, तर त्याने ते वाचलेले नाही असे खुशाल समजावे.

‘दशावतार म्हणजेच उत्क्रांती’ हेही असेच ऐकीव. पुराणांत मत्स्याचे वंशज कूर्म होत नाहीत. प्रत्येक अवतार आपल्या कार्यासाठी येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त एकेक अवतार घेऊन झडती घेतली. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटणार नाहीत, पण कथा समोर ठेवून ते भांडले.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, असे सांगतात. पण अकरावीला वाणिज्य घेणाऱ्या मुलीने तो कुठे वाचायचा? आम्हाला हे फार लागले. म्हणून या अंकात नासदीय सूक्त अर्थासह दिले आहे, आणि त्यालगतच डार्विनच्या सहाव्या अध्यायाचा मराठी सारांश. दोन्ही मिळून तासाभराचे वाचन आहे. फराळाला जमलेल्या मुलांसमोर ते मोठ्याने वाचा, आणि मग हवे तितके भांडा.