तुळईची कडी

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या माळवदाच्या घरांत तुळईला एक लोखंडी कडी हमखास असे. घरात बाळंतीण आली की वापरून मऊ झालेले नऊवारी लुगडे दुहेरी करून त्या कडीत ओवले जाई, तळाशी गोधडीची घडी पडे, आणि दोरीचे टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून आजी ज्वारी निवडत बसे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर परिसरातील ती माळवदे तुळयांसकट जमीनदोस्त केली. झोळी मात्र राहिली, आता पत्र्याच्या अँगलला किंवा खिडकीच्या गजाला बांधलेली. दोरी अंगठ्यात घेऊन बसणारी आजी मात्र दरवेळी असतेच असे नाही.

तिच्या जागी बाजाराने स्प्रिंगचा आणि विजेचा पाळणा आणून ठेवला आहे. यंत्र थकत नाही, हाच त्याचा गुण आणि हाच दोष. कारण न थकणाऱ्या पाळण्यात मूल झोप लागल्यावरही कललेलेच पडून राहते; आणि अर्भकाचे मस्तक जड व मान दुर्बल असल्यामुळे, कललेल्या आसनात हनुवटी छातीवर टेकली की श्वासनलिका दबते, आणि गुदमरणारे मूल रडूही शकत नाही. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीने 'रॉक अँड प्ले' नावाची सुमारे ४७ लाख कलती शयनासने एप्रिल २०१९ मध्ये बाजारातून परत मागविली, तोवर तीसहून अधिक अर्भके दगावल्याची नोंद झाली होती. पुढे २०२२ च्या कायद्याने दहा अंशांहून अधिक कललेल्या शयनासनांची विक्रीच निषिद्ध ठरली. परक्या यंत्राला नावे ठेवताना आपल्या झोळीचे पोटही तसेच वाकते, हे विसरता कामा नये. झुलवावे जरूर, पण डोळा लागताच मुलाला उचलून सपाट, घट्ट अंथरुणावर उताणे निजवावे, उशीशिवाय.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २० अन्वये धोकादायक माल परत घेण्याचा हुकूम केंद्रीय प्राधिकरण देऊ शकते. परंतु हुकुमाला दप्तर लागते, आणि दप्तराला नोंद. मूल गेले की शेजारीपाजारी 'झोपेतच गेलं' एवढेच म्हणतात; झोळी सोडून, धुऊन, घडी करून ठेवली जाते. ते कशात निजले होते, हे कुणी विचारीत नाही.

विचारणारी व्यक्ती मात्र घरी येतच असते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यास आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा येते, वजन घेते, ताप पाहते. तिच्या तक्त्यात आणखी एक रकाना असावा, अशी माझी सरकारकडे मागणी आहे: बाळ कोठे निजते, उताणे की कुशीवर, झोळी कशाला बांधली आहे, पाळणा विकतचा असल्यास कोणत्या कंपनीचा. छपाईचा खर्च असा कितीसा येणार?

अर्थात, दसऱ्यानंतर कळंब-वाशीकडून ऊसतोडीसाठी कोयता घेऊन निघालेल्या बाईच्या कोपीपर्यंत हा रकाना पोहोचणार नाही. बैलगाडीच्या सावलीत लुगडे बांधून ती पहाटे फडात शिरते, आणि झोळीला झोका द्यायला पाचसहा वर्षांची थोरली पोर बसते. तिच्यासाठी तक्ता नको. फडाच्या बांधावर पाळणाघर हवे, आणि ते उभारण्याची जबाबदारी त्या उसावर चालणाऱ्या कारखान्याचीच आहे.