‘झिंगाट’ची वरात

पूर्वी रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेत गाण्यांचे क्रमांक लागत. आमच्या भाटघरला क्रमांक लावते ती वरात! २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधले ‘झिंगाट’ वाजू लागले, ते अजून खाली उतरायचे नाव घेत नाही. जाणकार मंडळी त्याला थिल्लर म्हणतात. मला ते पटत नाही. अजय-अतुल यांनी आपल्या रांगड्या बोलीला असा ठेका दिला, की २०१८ च्या ‘धडक’साठी ते हिंदीत न्यावे लागले. हे काय थोडे झाले?

मला खटकते ते निराळेच. ‘सैराट’मध्ये जातीबाहेर लग्न केलेल्या जोडप्याचा मुलीच्या घरचेच खून करतात. त्याच चित्रपटाच्या गाण्यावर टॉवेल उडवीत नाचणारे आमचे काका-मामा, घरच्या मुलीने परजातीतला मुलगा निवडला तर दार उघडतील काय? आपल्या वर्गातल्या मुलींनाच विचारून पाहा.