फाटकाची किल्ली कुणाकडे?

आमच्या सोसायटीचं सरकतं फाटक गेल्या दिवाळीपासून मोबाइलवर उघडतं. भिंतीवरच्या डबीत सिमकार्ड आहे. त्या नंबरवर फोन लावायचा. डबी फोन उचलत नाही. कॉल करणाऱ्याचा नंबर यादीत आहे का तेवढं बघते, कॉल कापते आणि मोटर सुरू करते. मिस्ड कॉलवर काम भागतं. आपल्या शेतकऱ्यांना यात नवल वाटणार नाही. रात्री-अपरात्री वीज आली की पंप सुरू करायला अंधारात विहिरीपर्यंत जावं लागू नये म्हणून पुण्यात ‘नॅनो गणेश’ हे यंत्र तयार झालं. त्यातही पंपाचा स्टार्टर मोबाइलवरूनच चालतो.

मला हे फाटक मनापासून हवं आहे. भर पावसात दर गाडीला वॉचमनदादांना उठावं लागत नाही, हे काही थोडं नाही.

पण जूनमध्ये एका रात्री वीज गेली आणि नेमकी तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना धाप लागली. ॲम्ब्युलन्स बाहेर उभी, काकूंना खुर्चीत बसवून खाली आणलेलं, आणि फाटक ढिम्म. दादांनी फोन लावला, मी लावला. डबीची बॅटरी कधीच उतरली होती. अशा मोटरला बुडाशी एक कुलूप असतं. बोटाच्या पेराएवढी किल्ली त्यात फिरवली की दातेरी चाक सुटतं आणि फाटक हाताने ढकलता येतं. आमची किल्ली सेक्रेटरींच्या कपाटात होती, आणि सेक्रेटरी गावी. शेवटी बाजूच्या छोट्या दारातून खुर्ची तिरकी करून काकूंना बाहेर काढलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. आता त्या बऱ्या आहेत.

फक्त वीजच दगा देते असं नाही. ऑस्ट्रेलियात २०२४मध्ये थ्री-जी बंद झालं, तेव्हा त्यावर चालणारी जुनी यंत्रं बदलावी लागली. आपल्याकडेही टू-जीच्या डबीत जिओचं सिम चालत नाही, कारण त्यांचं टू-जी जाळंच नाही. डबी घेताना हे विचारायला हवं.

आणि ती यादी! मी ती मागून घेतली, नीट वाचली. मार्चमध्ये घर सोडून गेलेल्या भाडेकरूचा नंबर तीत अजून आहे. चौदा वर्षं आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचा नाही. अनोळखी पाहुण्यासारखं त्यांना रोज कुणाच्या तरी परवानगीसाठी ताटकळत ठेवणं मला मान्य नाही. येत्या सभेत मी दोन ठराव मांडणार आहे: यादी दर महिन्याला तपासायची, आणि रोज येणाऱ्या कामकरी माणसांचे नंबर तीत घालायचे.

किल्लीचं काम मात्र सभेपर्यंत थांबलं नाही. ती आता वॉचमनच्या केबिनमध्ये लाल दोऱ्याने खिळ्याला टांगली आहे. परवा दादांनी कुलूप सोडलं आणि मावशींनी स्वतः फाटक ढकलून पाहिलं. जड आहे, पण सरकतं.