स्वयंपाकघराची भिंत पाडण्यापूर्वी

आमच्या गावात हल्ली नवीन घर बांधणारा प्रत्येकजण 'ओपन किचन' मागतो. बैठक, जेवणाचे टेबल आणि ओटा एकाच मोठ्या खोलीत. मध्ये भिंत नाही, दार नाही. जुन्या घरांतही मधली भिंत पाडून ओटा उघडा करण्याची हौस वाढली आहे. माझा या पद्धतीला विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. पूर्वीच्या वाड्यांत स्वयंपाकघर सगळ्यात मागे, अंधारे, धुराने काळवंडलेले. पुरुष मंडळी ओटीवर गप्पा मारीत आणि घरातली बाई आत एकटी खोकत बसे. ती आता ओट्यापाशी उभी राहून चारचौघांत बोलते, मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवते, हे चांगलेच झाले. माझी तक्रार वेगळी आहे. आतली भिंत पाडताना बाहेरच्या भिंतीचा विचार कोणी करीत नाही.

"डॉक्टर, चूल गेली, गॅस आला, आता कसला धूर?" असे दवाखान्यात नेहमी ऐकतो. गॅस लाकडापेक्षा कितीतरी स्वच्छ, यात शंका नाही. पण गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला तो सोसत नाही. ज्योत निळी न राहता पिवळी पडू लागली, तर बर्नर साफ करायला झाला असे समजावे; अर्धवट जळणाऱ्या गॅसातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याहून मोठा वाटा तेलाचा. कढईतले तेल धुरावते, फोडणी चरचरते, पापड भाजला जातो, तेव्हा डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण हवेत जातात आणि फुप्फुसात खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, कडकडीत तेलात तळताना निघणाऱ्या धुराची गणना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केली आहे. म्हणून कोणी भजी सोडावीत असे मी म्हणणार नाही. धूर घराबाहेर काढावा, एवढेच.

आपल्या घरचा धूर कुठवर जातो हे पाहायला यंत्र लागत नाही. मसाल्यासाठी मिरच्या भाजताना खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्याला ठसका लागला, तर एरवीची न दिसणारी घाणही तिथवर पोहोचते असे खुशाल समजा. शहरातल्या मोठ्या घरात हॉल म्हणजे निव्वळ बैठक. आपल्याकडे रात्री तिथेच गाद्या पडतात. आजोबांची खाट तिथे, बाळाची झोळी तिथे. साडेआठला केलेल्या फोडणीच्या हवेत दहाला ही मंडळी झोपतात. ज्या घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे मूल आहे, तिथे या गोष्टीकडे काणाडोळा करू नये.

यावर "चिमणी बसवली आहे" असे उत्तर मिळते. चिमणीचा पाइप कुठे सोडला आहे, हे विचारले की शांतता! बिनपाइपाची चिमणी तेलकटपणा आणि वास थोडाफार अडवते. नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड हे वायू मात्र ती पुन्हा तुमच्याच खोलीत सोडते. पाइप हवाच, तो थेट बाहेर निघावा, आखूड असावा, त्याला वळणे कमी असावीत. चिमणी घेण्याची ऐपत नसेल तर ओट्याजवळ, भिंतीत उंचावर चांगला एक्झॉस्ट पंखा लावा. माझ्या मते बिनपाइपाच्या महागड्या चिमणीपेक्षा तो बरा. मात्र पंखा हवा बाहेर फेकतो तेव्हा समोरून ताजी हवा आत यायला हवी. एसी लावून सगळ्या खिडक्या गच्च बंद केल्या, तर पंखा नुसता आवाज करतो. स्वयंपाक आटोपल्यावरही तो दहा-पंधरा मिनिटे चालू राहू द्या. तळण शक्यतो मागच्या बर्नरवर करावे, तिथला धूर चिमणी अधिक ओढते.

आता सिलिंडर. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत पसरतो. मध्ये भिंत नसली की तो सरळ बैठकीत जातो, आणि तिथे समई, उदबत्ती, फ्रिज, टीव्ही सगळे हजर. वास आल्यास कोणतेही बटण लावू नये, चालू असलेले बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडून 1906 या क्रमांकावर फोन करावा. ओट्याजवळच्या बाहेरच्या भिंतीत जमिनीलगत एक जाळी ठेवली, तर हा गॅस बाहेर जायला वाट मिळते.

लहान मूल खेळता खेळता उकळत्या आमटीपर्यंत जाते, ही भीती आहेच. त्यासाठी मला अर्धी भिंत आणि वर सरकती काच हा मार्ग पटतो. बाजूला छोटे फाटक करावे. बोलणे-पाहणे चालू राहते, तळणाच्या वेळी काच ओढून घेता येते, पोरही अडते. खर्च फार नाही. फक्त मिस्त्रीला हे सगळे, विशेषतः पाइपाचे भोक आणि पंख्याची जागा, प्लास्टरच्या आधी दाखवून द्या. एकदा टाइल्स बसल्या की भिंत फोडायला घरात कोणीच तयार होत नाही.