अर्ज न करताच हरू नका

“जाहिरातीत सहा संगणक-भाषा मागितल्या आहेत, मला दोनच येतात. मग अर्ज कशाला करू?” आज्ञावली लिहिण्याची नोकरी शोधणाऱ्या तरुणांच्या तोंडी असे उद्गार वारंवार येतात. विद्यार्थी मित्रहो, असा उमेदवार मुलाखतीत हरत नाही. तो अर्ज न करताच हरतो. यामागचे गैरसमज शाळेतच दूर झालेले बरे.

पहिला गैरसमज भाषांविषयीचा. सरकारी भरतीत पदवी, वय यांच्या अटी काटेकोर असतात. परंतु खासगी जाहिरातीतील भाषांची यादी ही पुष्कळदा केवळ अपेक्षांची यादी असते. भाषा हे साधन. खरा कस लागतो विचाराचा. समजा, चढत्या क्रमाने लावलेल्या १००० संख्यांत एक संख्या शोधायची आहे. ओळीने पाहत गेल्यास १००० तपासण्या लागू शकतील. मधली संख्या पाहून दर वेळी निम्मा भाग वगळला, तर १० तपासण्या पुरतात. दहा लाख संख्यांना फक्त २०! ही रीत कोणत्याही भाषेत लिहिता येते.

मग रीत पाठ केली की झाले? हा दुसरा गैरसमज. जावा भाषेसाठी जोशुआ ब्लॉक यांनी याच रीतीची आज्ञावली लिहिली होती. तिच्यातील एक चूक सुमारे नऊ वर्षे दडून राहिली. मधले स्थान काढताना दोन क्रमांकांची बेरीज होई; यादी प्रचंड असली की ती बेरीज ठरलेल्या मर्यादेबाहेर जाई. २००६ साली ब्लॉक यांनीच ही चूक मोकळेपणाने जाहीर केली. “माझे उत्तर कोठे फसेल?” असे स्वतःला विचारणारा उमेदवार म्हणूनच मोलाचा ठरतो.

तिसरा गैरसमज, नकार म्हणजे नालायकी. ब्रायन अ‍ॅक्टन यांना २००९ साली फेसबुकने नोकरी नाकारली. पुढे ते व्हॉट्सअ‍ॅपचे सहसंस्थापक झाले आणि २०१४ साली फेसबुकनेच ती कंपनी विकत घेतली. प्रत्येकाच्या बाबतीत असे घडणार नाही, हे उघड आहे. पण तासाभराच्या मुलाखतीत माणसाचे पुरते माप निघत नाही, एवढे निश्चित.

शिक्षकांना एक विनंती. गणित सुटल्यावर “उत्तर बरोबर” म्हणून थांबू नका, “कशावरून?” असेही विचारा. त्या प्रश्नाची सवय झालेली मुले उद्या अर्ज करायला कचरणार नाहीत.